तिसरा आवाज

रिओनी नदीच्या काठी, कुताइसीत, चौथ्या मजल्यावर
नवा लॅपटॉप येऊन आज अकरा दिवस झाले.
आवाजच करत नाही.
मांडीवर घेतला तर गार,
झोपलेल्यासारखा नव्हे,
अजून जन्मायचाच असल्यासारखा.

जुना तापायचा. सात वर्षं तापला.
बारा ट्रॅक आणि वर दोन रिव्हर्ब चढवले
की पंखा घुमू लागायचा,
आधी कुरकुर, मग एकच सलग धरलेला सूर.
शेजारची म्झिया भिंतीवर थाप मारून विचारायची,
"नेस्तान, गाणं करतेस की विमान उडवतेस?"

झुराब म्हणाला, आता चिपची घडणच बदलली.
हिशेब तेच, बोली वेगळी.
जुने प्लगिन जुन्या बोलीतले,
त्यांच्यासाठी आत दुभाषा बसवलाय.
तो कानात कुजबुजतो, पत्ताही लागत नाही.

लागतो.
मी दुभाषीणबाईची मुलगी.
आई रशियन पाहुण्यांना आमची गाणी समजावून सांगायची
आणि प्रत्येक ओळीआधी एवढासा श्वास घ्यायची.
तेवढाच उशीर होतो आता
कळ दाबल्यावर सूर उमटायला.

एक प्लगिन दुभाष्यालाही जुमानत नाही.
फिनलंडमधल्या कुणी एकट्यानं लिहिलेला;
रिकाम्या धान्यकोठाराचा घुमारा द्यायचा.
पत्र टाकलं. उत्तर त्याच्या मुलीचं आलं:
बाबांनी मधमाश्या पाळल्यात,
संगणक उघडत नाहीत.
मध हवा असेल तर कळवा.

पण हे सगळं वरवरचं.

परवा पार्मेनचं गाणं उघडलं.
गुरियाचा पार्मेन, एक्याण्णव वर्षांचा,
याच स्वयंपाकघरात बसून वरचा आवाज गायला होता,
कोंबड्यासारखा चिरकत, कुंपणावरून उड्या मारत.
मधला आवाज पुतण्याचा.
खालचा, ज्याला आम्ही बानी म्हणतो,
तो धरणारा आलाच नव्हता. बस चुकली त्याची.
"चालेल," पार्मेन म्हणाला होता, "धरलाय कुणीतरी."
मला वाटलं, म्हातारा बोलतोय काहीबाही.

परवा हेडफोन लावले. नवा लॅपटॉप गप्प,
आणि दोन आवाजांखाली, पार तळाशी,
तो पंखा.
पार्मेननं सूर त्याच्यावरूनच उचलला होता.
पंखा जरासा चढला तिथे
तोही चढला होता, पाव सुरानं, न चुकता.

तीन रात्री जागून मी एक स्वच्छ प्रत केली होती.
तीच सगळीकडे गेली. तीच त्याच्या दफनाला वाजली.
तिच्यात पंखा नाही.
तिच्यात दोघं गातात छान,
पण पाय कुठे टेकलेत कळत नाही.

आणि वेळेचं काय करायचं?
पूर्वी एक्स्पोर्ट लावून मी खाली उतरायचे,
ओतियाच्या भट्टीतून पाव निघेस्तोवर थांबायचे,
त्याचा गुडघा, त्याची सून, त्याचा भांडखोर जावई.
गरम टोक मोडून खात वर यावं
तर पडद्यावरची पट्टी अजून भरतेच आहे.
आता पायात बूट चढेपर्यंत काम संपतं.
आठवडाभर खालीच गेले नाही.
काल ओतियानं पोराला वर धाडलं:
बरी आहेस ना?

आज सकाळी जुना लॅपटॉप सोफ्याखालून काढला.
स्क्रीनवर उभी निळी रेघ,
चार्जर बोटानं दाबून धरावा लागतो.
घरात जे जे जड होतं ते सगळं लादलं त्याच्यावर,
माइक जवळ नेला
आणि वाट बघत बसले.
बराच वेळ नुसती कुरकुर.
मग धरला त्यानं.

चाळिसाव्या सेकंदाला म्झियाची थाप.
टेकमध्ये आलीय तीही. असू दे.

बूट घालून खाली गेले.
पाव संपले होते.
ओतिया म्हणाला, थांब,
पुढची खेप आत्ताच लावलीय.